अप्पर-डिप्पर

शनिवारी उशिरा उठायचं, दुसऱ्या चहाचा कप घेऊन बाल्कनीत बसायचं आणि आठवडाभर साठलेल्या चिडचिडीचा हिशोब मांडायचा, हा माझा आवडता उद्योग. ऑफिसात प्रत्येक बगला एक नंबर असतो, एक प्रायॉरिटी असते आणि एक मालक असतो. माझ्या डोक्यातही तशीच एक यादी आहे. फरक इतकाच, की तिच्यातला एकही बग आजवर क्लोज झालेला नाही. उलट दर आठवड्याला दोन-चार नवीन येतात. उदाहरणादाखल काही सांगतो. बघा, तुमच्या यादीशी किती जुळतात.

एक. दुचाकीचा हेडलाइट दिवसा चालू आहे म्हणून समोरून पाचही बोटांची उघडमीट करून खूण करणारे काका. अहो काका, १ एप्रिल २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआपच लागतो. तो बंद करायचं बटणच कंपनीने ठेवलेलं नाही. इतकी वर्षं झाली, पण काका अजून हात हलवतातच. सुरुवातीला मी बटण शोधल्यासारखं करायचो. आता नुसतं हसून मान डोलावतो, त्यांना बरं वाटतं.

दोन. सिग्नलवर आकडा ३ वर आला की मागून हॉर्न वाजवणारे. यांना नक्की कुठे पोचायचं असतं हे मला एकदा पाठलाग करून बघायचंय. माझा अंदाज आहे की ते पुढच्या टपरीवर थांबून अर्धा तास चहा पितात.

तीन. पहिला थेंब पडला की कांदाभजी आणि वाफाळत्या चहाचे फोटो टाकणारे. २०२५ मध्ये तर कहरच झाला. नेहमी ११ जूनच्या आसपास मुंबईत येणारा मान्सून २६ मेलाच येऊन धडकला. लोकांचे आंबे संपायचे होते, रेनकोट माळ्यावर होते आणि स्टेटसवर भजी! एक तर आंबा खा नाहीतर भजी, दोन्ही एकदम कसं चालेल? ऋतूंना काही शिस्त आहे की नाही?

चार. टीव्हीवर मॅच चालू आहे, खाली पट्टीत स्कोअर ढळढळीत दिसतोय आणि तरी शेजारी बसून दर दोन ओव्हरनी "किती झाले रे?" विचारणारी माणसं. यात आमचे बाबा पहिल्या नंबरावर. गेल्या वर्ष-दीड वर्षात तर त्यांनी या क्षेत्रात फारच प्रगती केली होती.

आणि पाच, म्हणजे यादीतला सगळ्यात वरचा, सगळ्यात जुना बग. रात्री अप्पर लावून गाडी चालवणारे लोक.

या पाचव्या नंबरबद्दल मी तासभर बोलू शकतो. मित्रांना अनुभव आहे. समोरून गाडी आली की दिवा खाली करायचा, बस, बोटाने एक दांडी हलवायची. यात पैसे लागत नाहीत, पेट्रोल लागत नाही, जात आडवी येत नाही. तरी आपला माणूस करणार नाही. त्यात आता बाजारात ते पांढरेफटक एलईडी बल्ब आलेत. पिवळ्या हॅलोजनसाठी बनवलेल्या दिव्यात नेऊन ते बसवायचे. जुन्या बल्बची तार जिथे असते त्या जागेच्या हिशोबाने आतला आरसा घडवलेला असतो. एलईडीचा उजेड त्या हिशोबात बसत नाही, मग तो वर, खाली, बाजूला, वाट्टेल तिकडे फेकला जातो. म्हणजे डिप्पर दिला तरी समोरच्याच्या डोळ्यात सूर्य उगवायचा तो उगवतोच. मला अशा वेळी तोंडावर ताबा राहत नाही. काच बंद असते म्हणून मी आजवर धडधाकट आहे.

ही चीड मला वारसाहक्काने मिळालीये. बाबांकडून.

बाबा सांगलीत सरकारी नोकरीत होते. आमच्या घरात पहिली चारचाकी आली ती सेकंडहँड मारुती ८००, मी सात-आठ वर्षांचा असताना. तिच्या हेडलाइटच्या वरच्या भागावर काळ्या रंगाची पट्टी मारलेली होती, तेव्हा बऱ्याच गाड्यांवर असायची. बाबांनी मला ती पट्टी कशासाठी आहे हे दिवाळीच्या सुट्टीत आजोळी जाताना इतकं नीट समजावलं होतं, की शाळेत प्रकाशाचं परावर्तन शिकवायला घेतलं तेव्हा मला ते आधीच येत होतं. मी अठरा वर्षांचा झाल्यावर त्यांनीच मला गाडी शिकवली. क्लच-गिअर दोन दिवसांत उरकलं. त्यानंतरचे पंधरा दिवस नुसते शिष्टाचार. पुढे बैलगाडी असेल तर हॉर्न वाजवायचा नाही, बैल बिथरतात. ट्रकवाल्याने उजवा दिवा दाखवला तर तो वळतोय की तुला जा म्हणतोय हे आधी समजून घे. समोरचा दिसला की पहिला डिप्पर आपण द्यायचा, त्याची वाट बघायची नाही. "डिप्पर म्हणजे नमस्कार असतो," असं म्हणायचे. "आधी केला म्हणून कुणी लहान होत नाही."

आणखी एक नियम होता. ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याने झोपायचं नाही. रस्त्यावर लक्ष ठेवायचं, गप्पा मारायच्या. ज्याला झोपायचंय त्याने मागे जावं. बाबा क्रिकेटवेडे. त्यांच्या भाषेत पुढच्या सीटवरचा माणूस म्हणजे नॉनस्ट्रायकर. बॉल बॅट्समनच्या मागे गेला की रनसाठी कॉल कुणाचा? नॉनस्ट्रायकरचा. कारण त्याला दिसतं, बॅट्समनला दिसत नाही. गल्लीत खेळताना या एका नियमावरून आमची किती भांडणं झालीयेत ते सांगत नाही.

असो. तर आता गोष्ट २ नोव्हेंबर २०२५ ची. रविवार. कार्तिकी एकादशी. आणि नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला वर्ल्ड कपची फायनल, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका.

आई-बाबा दिवाळीनंतर महिनाभर माझ्याकडे पुण्याला यायचे होते, त्यांना आणायला मी वीकएंडला सांगलीला गेलो होतो. परतीचा दिवस हाच. गाडी बाबांचीच. मॅच तीनला सुरू होणार म्हणून मी दुपारी टीव्हीसमोर ठाण मांडलं, तर तिकडे पाऊस! नोव्हेंबरात! शेवटी पाचला सुरू होणार असं कळलं, म्हणजे बरोबर आम्ही रस्त्यावर असताना. तुम्हाला म्हणून सांगतो, सांगलीकर माणसासाठी ही मॅच नुसती मॅच नव्हती. स्मृती मानधना आमच्या गावची. लहानाची मोठी तिथेच झाली. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक माणसाने तिला कधी ना कधी कुठे ना कुठे नेटमध्ये पाहिलेलं आहे. त्यातल्या निम्म्यांनी तरी नक्कीच पाहिलेलं नाही, पण सांगताना आवाज असा लागतो की बॅट यांनीच हातात दिली होती.

साडेचारला निघालो. पेठ नाक्यापर्यंत गाडी मी चालवली. तिथे चहाला थांबलो. आईचा उपास, तिने डबा उघडून साबुदाण्याची खिचडी काढली, आणि उपास नसलेल्या आम्ही दोघांनीच ती निम्मी संपवली. मोबाईलवर बघतो तर स्मृती आणि शेफाली वर्मा दोघी जमलेल्या. शेफाली तर मूळ संघातही नव्हती, प्रतीका रावल जखमी झाली म्हणून सेमीफायनलच्या तोंडावर बोलावून घेतलेली. आणि आता फायनलला ओपनिंग करून धुलाई करतेय. माझे डोळे स्क्रीनवरून हलेनात.

"मी घेतो गाडी," बाबा म्हणाले. "तू मॅच बघ. साताऱ्यापर्यंत नेतो."

आई म्हणाली, "अंधार पडतोय आता."

"मग? अंधार काय पहिल्यांदा पडतोय?"

आईने माझ्याकडे पाहिलं. आता आठवतं, तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं होतं. मी तोपर्यंत पुढच्या सीटवर बसून इअरफोन कानात घातला होता.

त्या रस्त्यावर कधी गेला असाल तर माहीत असेल, सातारा ते कागल पट्ट्यात सहापदरीकरणाचं काम चालू. थोडं गेलं की डायव्हर्जन, परत हायवे, परत डायव्हर्जन. सर्व्हिस रोडला घातलं की समोरासमोर वाहतूक. मधूनच पावसाची बारीक सर. स्मृती ४५ वर आउट झाली, शतकी भागीदारी करून. मी हळहळलो. बाबांनी विचारलं, "किती झाले?" मी सांगितलं. पाच मिनिटांनी परत, "किती झाले?" मी जरा वैतागूनच सांगितलं. मग माझ्या लक्षात आलं की समोरून येणारे सगळेजण आम्हाला दिवे मारताहेत. डिप्पर, डिप्पर, डिप्पर. एका ट्रकवाल्याने तर काच खाली करून काहीतरी सुनावलं.

मी डॅशबोर्डकडे पाहिलं. निळा दिवा जळत होता. अप्पर.

"बाबा, अप्परवर आहे."

"हं," म्हणून त्यांनी दांडी खाली केली. आणि मिनिटभरात पुन्हा वर. मला ते विचित्र वाटलं. पण खरं सांगतो, तेवढ्यापुरतंच. शेफाली ऐंशीच्या पुढे गेली होती. वर्ल्ड कप फायनलमध्ये शतक होणार होतं. माणूस मान वर करून निळ्या दिव्याचा विचार कधी करणार?

कराड जवळ आलं होतं. डायव्हर्जनच्या रस्त्यावर समोरून एक बस आली, तिचेही दिवे वर. मी सहज, अगदी सहज, मान वर केली. बस गेली आणि त्या काळोखात आमच्यापुढे काहीतरी होतं. दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, नुसतं रस्त्यापेक्षा जास्त काळं असं काहीतरी. आणि बाबांचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरच होता.

मी ओरडलो. काय ओरडलो ते मला आठवत नाही, आई म्हणते "बाबा, ट्रॉली!" असं. बाबांनी ब्रेकवर उभं राहावं तसा पाय दाबला. गाडी ओल्या रस्त्यावर घसरली, मागचा भाग थोडा वळला आणि थांबली. समोर काचेच्या पलीकडे उसाची वाढी लोंबत होती. बॉनेटपासून हातभर अंतर. ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन ट्रॉल्या, उसाने गच्च भरलेल्या, दहाच्या स्पीडने पुढे डुलत निघून गेल्या. त्या ट्रॅक्टरवाल्याला काही कळलंही नसेल. त्याचं गाणं जोरात चालू होतं.

१ नोव्हेंबरपासून कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला होता. आमच्याकडे हा एक वेगळाच ऋतू असतो. हिवाळा म्हणजे इतरांना स्वेटर आणि हुरडा, आम्हाला रात्रीच्या रस्त्यावरच्या ट्रॉल्या. मागच्या बाजूला एक लाल रिफ्लेक्टर लावला तर किती खर्च येतो हो? दरवर्षी या विषयावर सूचना निघतात, पट्ट्या वाटल्या जातात, दरवर्षी लोक जातात. माझ्या यादीत हा सहावा नंबर आहे. पण त्या वेळी मला ट्रॉलीवाल्यावर चिडता येईना. कारण ट्रॉली मला दिसली होती. अर्धा सेकंद का होईना, बसचा उजेड गेल्या गेल्या मला ती दिसली होती. बाबांना दिसलीच नव्हती.

मी खाली उतरलो, ड्रायव्हरच्या बाजूला गेलो. काहीच बोललो नाही. बाबाही काही बोलले नाहीत. उतरले, वळसा घालून शेजारच्या सीटवर बसले. त्यांचे हात मांडीवर होते आणि थरथरत होते. मोबाईल पायाशी पडलेला. इअरफोनमधून कॉमेंट्री चालूच होती, बारीक मुंगीच्या आवाजात. मी फोन बंद केला आणि खिशात टाकला.

दहा-बारा किलोमीटर कुणीच बोललं नाही. मग मागून आई म्हणाली, "सांगून टाका आता."

बाबा बाहेर बघत बसले.

"तुम्ही सांगत नसाल तर मी सांगते. जूनमध्ये डोळ्याच्या डॉक्टरांकडे गेले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजव्यात जास्त. ऑपरेशन करा म्हणाले."

जूनमध्ये. आणि हा नोव्हेंबर. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? तर म्हणे पावसाळ्यात डोळ्याचं ऑपरेशन करू नये. पावसाळा संपला तर गणपती. गणपती झाले तर दसरा. मग दिवाळी तोंडावर आली, घरात रंगकाम. आणि "तुझं ते रिलीज का काय ते चालू होतं, उगाच डोक्याला ताप कशाला." पुन्हा थोडा वेळ शांतता. मग बाबा स्वतःच बोलले, अगदी हळू. "समोरून दिवा आला ना, की सगळं पांढरं होतं रे. दिव्याला मोठं खळं पडतं, चंद्राला पडतं तसं. आणि तो गेला की दोन-तीन सेकंद काहीच दिसत नाही. म्हणून अप्पर ठेवतो. त्यात जरा बरं दिसतं."

मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. ज्या माणसाने मला डिप्पर म्हणजे नमस्कार असं शिकवलं, तो माणूस कितीतरी महिने हायवेवर सगळ्यांच्या डोळ्यात दिवे मारत चालला होता. आणि त्याचं त्याला माहीत होतं. समोरून येणारी प्रत्येक शिवी त्यांना ऐकू येत असणार, कारण ती शिवी त्यांनीच मला शिकवली होती.

आणि स्कोअर! टीव्हीच्या पट्टीतले आकडे त्यांना दिसतच नव्हते. वर्ष-दीड वर्ष. आणि मी त्याची यादीत नोंद करून ठेवली होती, चौथा नंबर म्हणून. मित्रांमध्ये नक्कल करून दाखवायचो मी त्यांची. "किती झाले रे?"

आमच्या धंद्यात लॉग नावाचा प्रकार असतो. सिस्टिम बिघडायच्या आधी बरेच दिवस तिथे बारीकसारीक सूचना येत असतात. कुणी वाचत नाही. मग एक दिवस सगळं कोसळतं आणि मीटिंगमध्ये कुणीतरी विचारतं, की एवढं सगळं लॉगमध्ये होतं, तुम्ही बघत नव्हता का? मला त्या रात्री खंबाटकीच्या बोगद्यातून जाताना नेमका हाच प्रश्न विचारला जात होता. पेपर हातभर लांब धरणं, बटाट्याची भाजी करपलीये हे न कळणं, लग्नाच्या अल्बममधलं कुणी ओळखू न येणं, मी फोन केला की संध्याकाळी घरीच असणं. सगळं होतं. वाचलं नव्हतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, त्या दिवशी कॉल माझा होता. नॉनस्ट्रायकरला मी बसलो होतो, आणि मी दुसरीच मॅच बघत होतो.

लायसनचंही विचारलं. चाळिशीनंतर नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला लागतो, फॉर्म वन-ए. तो दिला होता ना? "दिला होता की. एका डॉक्टरकडे सही मिळाली." तपासलं का त्यांनी? बाबा पहिल्यांदाच थोडं हसले. "नाव विचारलं."

सव्वादहाला घरी पोचलो. सामान वर नेलं, आईने देवाला दिवा लावला आणि मी टीव्ही लावला. शेफाली ८७ वर आउट झाली होती, हे मला तेव्हा कळलं. आम्ही ट्रॉलीमागे थांबलो होतो त्याच सुमाराला. भारताचे २९८ झाले होते आणि आफ्रिकेची लॉरा वोल्वार्ट एका बाजूने टिच्चून उभी होती. बाबा नेहमीच्या जागी सोफ्यावर बसले. मी म्हटलं, पुढे या, आणि खुर्ची टीव्हीपासून चार फुटांवर ठेवली. मग त्यांनी विचारायच्या आधीच दर ओव्हरला स्कोअर सांगत गेलो. किती झाले, किती हवेत, किती बॉल. वोल्वार्टचं शतक झालं. मग अमनजोतने तिचा तो कॅच घेतला, एकदा सुटला, दुसऱ्यांदा सुटला आणि शेवटी एका हातात राहिला. बाबांना बॉल दिसला नव्हता. मी तो कॅच उभं राहून हातवारे करून दाखवला. ते इतके हसले की आई आतून बाहेर आली.

बारा वाजता हरमनप्रीतने मागे पळत जाऊन शेवटचा कॅच घेतला. आफ्रिका २४६ ऑलआउट, ५२ रनांनी जिंकलो. आमच्या सोसायटीत कुणीतरी उरलेले दिवाळीचे फटाके उडवले. बाबा रडत होते. मला वाटतं मॅचमुळेच. मीही मॅचमुळेच रडलो, असं आपण धरून चालू.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना बाबांनी गाडीची किल्ली टेबलावर माझ्या बाजूला सरकवली आणि म्हणाले, "बॅड लाइट. अंपायरने खेळ थांबवलाय." एवढंच. त्यावर पुढे चर्चा झाली नाही. त्या वाक्याला त्यांनी रात्रभर तयारी केली असणार, हे मला ओळखता येतं.

पुण्यातल्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, की हिवाळा-पावसाळा असं काही नसतं आता. पूर्वी मोठा छेद घ्यावा लागायचा, टाके पडायचे, तेव्हाची ती गोष्ट. आता दोन-तीन मिलिमीटरची चीर, अल्ट्रासाउंडने गढूळ भिंग आतल्या आत फोडून काढायचं आणि घडी घातलेली नवी लेन्स सरकवायची. आत जाऊन ती स्वतःच उलगडते. मी त्यांना विचारलं, की दिव्याला खळं का पडतं? तर म्हणाले, तुमच्या गाडीची पुढची काच जुनी झाली की वायपरने चरे पडतात ना, दिवसा काही वाटत नाही, पण रात्री समोरून दिवा आला की सगळी काच पेटल्यासारखी होते, तसंच. भिंग गढूळ झालं की उजेड आत जाताना विखुरतो. म्हणजे बाबांच्या बाबतीत काच बदलायची होती, बाकी गाडी ठणठणीत. मी इतके दिवस विनाकारण इंजिनाची काळजी करत होतो.

डिसेंबरात उजवा डोळा झाला, जानेवारीत डावा. आत नेल्यापासून पाऊण तासात बाहेर. पुढे चार-सहा आठवडे वेळेवर थेंब, डोकं भिजवायचं नाही, डोळा चोळायचा नाही. थेंबांचं वेळापत्रक मी एक्सेलमध्ये करून फ्रीजला लावलं. बाबांनी ते दुसऱ्या दिवशी काढलं आणि स्वतःच्या अक्षरात पाठकोऱ्या कागदावर लिहून लावलं. पट्टी काढल्यावर घरी आले, हॉलमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "भिंती पांढऱ्या आहेत होय तुझ्या? मी म्हणत होतो, इतक्या नव्या फ्लॅटला हा पिवळट रंग कुणी निवडला." मोतीबिंदूने रंग पिवळट दिसायला लागतात, हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण त्यांनी ते दीड वर्ष मनात ठेवलं होतं, माझी निवड वाईट आहे असं समजून, आणि मला बोलून दाखवलं नव्हतं, हे त्या दिवशी कळलं.

आता तुम्ही म्हणाल, यातून तात्पर्य काय. तात्पर्य वगैरे मला जमत नाही. फार तर एक करा. घरी जाल तेव्हा रात्री आई-बाबांच्या शेजारच्या सीटवर अर्धा तास बसा, फोन खिशात ठेवून. डॅशबोर्डवरचा निळा दिवा बघा. आणि स्कोअर विचारला तर सांगा.

डॉक्टरांनी रात्रीची परवानगी दिल्यावर परवा आम्ही सांगलीला गेलो. खंबाटकीचा घाट उतरल्यावर किल्ली बाबांनी मागून घेतली. मी शेजारी. संध्याकाळ झाली, दिवे लागले. समोरून पहिली गाडी दिसली आणि बाबांनी दुरूनच डिप्पर दिला. त्यानेही दिला. दुसरी आली, तिलाही. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "बघ, देतात लोक."

मग तिसरा आला. पांढरेफटक एलईडी, अप्पर, वर छतावर आणखी दोन दिवे. बाबांनी एकदा डिप्पर दिला, दोनदा दिला, तिसऱ्यांदा दिला. तो ढिम्म. माझ्या तोंडात नेहमीचा शब्द आला होता, पण मी गिळला. म्हटलं, काय सांगावं, त्याचेही डोळे आले असतील, त्यालाही जूनमध्ये डॉक्टरांनी सांगितलं असेल, त्याचाही पोरगा फोनमध्ये असेल. गाडी शेजारून गेली. आत विशीतलं एक कार्टं, एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्या हाताने केस सारखे करतंय.

मी काच वर आहे याची खात्री केली. पण माझ्या आधी बाबांनीच ती शिवी दिली.

पाचवा नंबर ओपनच राहील.